पूर्णेला दिलेले नवे देव

मी नदीतल्या वस्तूंचा अभ्यास करते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी मासे म्हणतो, मग वाळू म्हणतो आणि शेवटी माझ्याकडे जरा दयेने पाहतो. त्याचाही काही दोष नाही. माणसं फार पूर्वीपासून नदीला काही ना काही देत आली आहेत. नाणी, बांगड्या, भांडी, हत्यारं, आणि घरातले देवसुद्धा. हातातून निसटून पाण्यात पडलेली वस्तू वेगळी आणि हात जोडून दिलेली वस्तू वेगळी. हा फरक ओळखणं हे माझं काम. अमरावतीच्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवते आणि उन्हाळ्यात नद्या आटल्या की विद्यार्थ्यांना घेऊन कधी वर्धेच्या, कधी पूर्णेच्या पात्रात उतरते. नातेवाईक मला नदीची भंगारवाली म्हणतात. म्हणोत बापडे.

एकदा तिवशाकडे वर्धेच्या पात्रात आम्ही दोऱ्या बांधून बसलो होतो. काठावरून जाणाऱ्या एक आजी थांबल्या. म्हणाल्या, "दिलेलं काढून राहिली काय वो बाई? तुह्या घरी काही नाही काय?" मी त्यांना सगळं शास्त्र समजावून सांगितलं. आम्ही वस्तू काढतो, मोजतो, फोटो घेतो आणि पुष्कळदा परत जागेवर ठेवतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "परतच ठेवता, तं मंग काढता कायले?" माझ्या शोधनिबंधात या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.

तर असा माझा लौकिक. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी वैशाखात अकोल्याहून थोरल्या भावाचा फोन आला आणि तो म्हणाला, "निघून ये. तुह्या शिक्षणाचा घराले पहिल्यांदाच उपयोग होऊन राहिला," तेव्हा मी आधी घाबरले आणि मग चिडले.

भाऊच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. आमच्याकडे लग्नाआधी देवांची पूजा होते आणि तिला देवघरातले टाक मांडावे लागतात. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला देव, बोटाच्या दोन पेरांएवढा. आमच्या देवघरात खंडोबा, देवी, बहिरम, घराण्यातला एक वीर आणि त्यांच्या शेजारी माझी पहिली वहिनी. होय, वहिनी. भाऊची पहिली बायको लग्नानंतर दोनेक वर्षांत तापाने गेली. त्याचं दुसरं लग्न ठरलं तेव्हा आमच्या आत्याने पहिलीच्या नावाचा टाक करून देवांत बसवला. नव्या नवरीला पहिलीची बाधा होऊ नये म्हणून असं करायची रीत आहे. म्हणजे मुळात तो टाक झाला भीतीपोटी.

हे टाक चिंच लावून, राख लावून इतकी वर्षं घासले गेले की त्यांचे चेहरे पार झिजले. खंडोबाचा घोडा तर पाय गेल्यामुळे नुसता ढगासारखा दिसायचा. म्हणून लग्नाच्या निमित्ताने भाऊने सोनाराकडून नवे टाक करून आणले. काही घरांत जुनी चांदी नव्यात आटवतात. आमच्याकडे तसं चालत नाही. जुन्या देवांची पूजा करायची, त्यांना निरोप द्यायचा आणि वाहत्या पाण्यात सोडायचं. त्याप्रमाणे भाऊ, आताच्या वहिनी आणि आत्या अकोटच्या रस्त्यावर पूर्णेकाठी गेले. जुने टाक लाल फडक्यात, नवेही लाल फडक्यात, कारण नव्यांनाही नदीचं दर्शन घडवायचं असा आत्याचा हुकूम होता. भाऊचा गुडघा दुखतो, आत्याचं वय झालेलं, म्हणून ते दोघं वर रस्त्यावर गाडीतच बसले आणि पाण्यात उतरल्या एकट्या वहिनी. घरी येऊन पाटावर नवे देव बसवायला फडकं सोडलं तर आतून निघाला बिनपायाचा घोडा.

जुने घरी आणि नवे नदीत. आत्याने कपाळावर हात मारून घेतला आणि हा अपशकुन आहे असं जाहीर केलं. वहिनी म्हणाल्या, "चुकलं माह्या हातून," आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. पूजा गुरुवारी होती. मला फोन आला सोमवारी.

एसटीत बसल्या बसल्या मला एक दुष्ट विचार सुचला आणि मी एकटीच हसले. समजा हे नवे टाक तिथंच राहिले आणि खूप खूप वर्षांनी माझ्यासारखीच कुणी बाई तिथं खणायला आली. ती काय लिहील? या भागातले लोक आपले सर्वांत नवे, बिनवापराचे देव नदीला अर्पण करीत असत. त्यावर ती वीस पानं लिहील, परदेशात जाऊन वाचेल, टाळ्या घेईल. आणि खरं कारण काय, तर घाईगडबडीत एका गृहिणीने भलतीच पुरचुंडी उचलली. मूर्तिजापूर येईपर्यंत मला आमच्या अख्ख्या विद्येचीच शंका यायला लागली होती.

मंगळवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही नदीवर पोचलो. भाऊ, वहिनी आणि मी. भाऊचा गुडघा मोठा हुशार आहे, गाडीचा क्लच दाबायला चालतो आणि पाण्यात उतरायचं म्हटलं की दुखतो. तो काठावरच्या बाभळीखाली घडीची खुर्ची टाकून बसला आणि वहिनींनी आणलेल्या कच्च्या चिवड्याचा डबा उघडून त्याने तिथून देखरेख सुरू केली. पूर्णा उन्हाळ्यात वाहते म्हणणं म्हणजे तिची थट्टाच आहे. मधे मधे डोह राहतात आणि त्यांना जोडणारी एक बारीक धार. पाण्याला आमच्या खारपाणपट्ट्याची मचूळ चव. बोचकं वाहून जाण्याची शक्यता नव्हती. मी मनात म्हटलं, तासाभराचं काम आहे.

वहिनींनी जागा दाखवली. मी दोरी ताणली, चौकोन पाडले आणि गव्हाची मोठी चाळणी घेऊन बसले. माझी सगळी विद्या भाऊला पहिल्यांदाच दिसत होती, त्यामुळे मी जरा जास्तच झोकात वागत होते. नाणी निघाली, हिरव्या बांगड्यांचे तुकडे निघाले, गणपतीचा एक हात मोदकासकट निघाला. पळी मोडलेली अन्नपूर्णा निघाली. बंद केलेलं एक कुलूप निघालं. त्याची किल्ली कुणाच्या घरी असेल आणि काय काय बंद करून ते माणूस इथं आलं असेल याचा मी थोडा वेळ विचार केला. टीव्हीचा एक रिमोटही निघाला, लाल धाग्याने बांधलेला. तो कुणी आणि का दिला ते मला आजतागायत कळलेलं नाही.

"सापडलं काय?" भाऊ दर थोड्या वेळाने ओरडायचा.

"तू चिवडा खा," मी ओरडायची.

पण चाळता चाळता मला काहीतरी खुपायला लागलं. वहिनींनी दाखवलेल्या जागी पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. तळाचा खडान्खडा दिसत होता. लाल फडकं तिथं असतं तर काठावरून भाऊलाही दिसलं असतं. आणि माझा इतक्या वर्षांचा अनुभव असा की माणूस देव द्यायला येतो तेव्हा तो घोट्याएवढ्या पाण्यात थांबत नाही. कपडे भिजले तरी पुढे जातो, खोल जागा पाहतो, एखाद्या खडकाचा आडोसा शोधतो. बाजारात जाताना वाटेत निर्माल्याची पिशवी भिरकावणारे वेगळे. वहिनी तशा नाहीत. त्या तर उरलेली पोळीसुद्धा गाईला हाक मारून देतात.

मी मान वर करून पाहिलं. वहिनी माझ्यासोबत चाळत होत्या, पण त्यांचं लक्ष चाळणीत नव्हतंच. त्या अधूनमधून पलीकडच्या काळ्या खडकाकडे पाहत होत्या.

"वहिनी," मी हळूच म्हटलं, "तुम्ही इथं टाकले नाहीत."

"टाकले नाही," त्या म्हणाल्या. "दिले. तिकडे, त्या खडकाच्या मांगं. कमरेएवढं पाणी हाये. नमस्कार करून दिले."

"कुठले ते माहीत होतं?"

"हाव. नवेच दिले. समजून उमजून."

मी चाळणी खाली ठेवली. भाऊने पुन्हा सापडलं काय विचारलं, तेव्हा या वेळी वहिनींनीच ओरडून सांगितलं, "पाहून राहिलो!" आणि मग खाली मान घालून, हात पाण्यात तसाच ठेवून त्या बोलायला लागल्या.

"यायनं सोनाराले चारच सांगितले. खंडोबा, देवी, बहिरम, वीर. डबी उघडून पाहिली मी, तं मोठी नाही. आता जुने सारे नदीत जातीन, अन् नव्यात ती नाही. मंग ती कुठी राहील? सांगा न तुमी."

मोठी म्हणजे माझी पहिली वहिनी. आमच्या घरात तिला कुणीच काही म्हणत नव्हतं, कारण तिचं नावच निघत नव्हतं. वहिनी तिला मोठी म्हणतात हेही मला त्या दिवशी कळलं.

"तिचं मांगं कोणी नाही," वहिनी म्हणाल्या. "लेकरू नाही. माहेर संपलं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आत्याबाईनं ते टाक माह्या हातात देल्ले, म्हणे घास. तिले पायलं का मले लय भेव वाटे. मंग हळूहळू बोलाले लागली मी तिच्यासंगं. सासूबाईनं काही म्हटलं का घासता घासता तिलेच सांगो. या घरात नवी सून होऊन कसं वाटते, ते तिच्याबिगर कोणाले समजीन? माही पोरगी झाली तं सगळ्यात पहिले तिच्यापुढे ठेवली. अन् आता त्या पोरीच्या लग्नात तिले नदीत सोडू काय?"

मोठी घरात होती तेव्हा मी तिसरी-चौथीत होते. पहिल्या वहिनीने घातलेली वेणी इतकी घट्ट असायची की दिवसभर डोळे ताणल्यासारखे वाटायचे, एवढंच मला आठवतं. चेहरा आठवायला गेले तर काही हाती लागेना. मी तिच्या मांडीपाशी बसलेली पोर, आणि तिला कधीही न पाहिलेली ही बाई तिच्यासाठी पूर्णेच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरली होती.

"मग भाऊला सरळ सांगायचं ना, पाच करा म्हणून."

"सांगितलं असतं. पण त्यायनं 'काहून' म्हणून विचारलं असतं अन् मी रडली असती. घरात लग्न आहे, बरं दिसते काय?" मग त्या जरा चिडूनच म्हणाल्या, "मले वाटलं, लग्न चार दिवसांवर आहे, नवे करायले सोनाराले वेळ नाही. नवे गेले तं गेले, म्हणतीन, जुनेच मांडा. सारं बरोबर जमलं होतं. मले काय मालूम, तुमाले बोलावतीन!"

म्हणजे या सगळ्या प्रकरणात अडचण कसली होती, तर माझी. मला हसू आलं, आणि वहिनीही ओल्या हाताने डोळे पुसत हसल्या. पण हसण्यासारखी वेळ नव्हती. मी पुरचुंडी काढली की जुने टाक पाण्यात जाणार, आणि त्यांच्यासोबत मोठी जाणार. नाही काढली तर वहिनींच्या डोक्यावर अपशकुनाचं खापर कायमचं.

"आता तुमच्या हातात आहे," वहिनी म्हणाल्या.

मी काळ्या खडकापर्यंत गेले. सवयीने गेले म्हणा. खडकाच्या मागे कपार होती. हात घातला आणि बोटांना फडक्याची गाठ लागली. व्यवस्थित, दुहेरी गाठ. बाजूला सुपारी आणि हळकुंड. चुकून पडलेलं असं काही तिथं नव्हतंच. एरवी अशी वस्तू सापडली की माझं काळीज नाचायला लागतं, आणि खरं सांगते, तेव्हाही नाचलं. पण मी गाठीवरून हात फिरवला, तो बाहेर काढला आणि रिकाम्या हाताने काठावर आले. असं मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं.

"सापडले," मी भाऊला सांगितलं. "पण काढले नाही."

"काहून?"

"नदीले दिलेलं काढू नाही."

भाऊ खुर्चीवरून पडायचाच बाकी राहिला. "हे तू सांगून राहिली? तू? तुह्या कॉलेजातलं सारं कपाट नदीतल्या देवायनं भरलं आहे!" तो इतका हसला की डब्यातला चिवडा सांडला. मग तो डोळे पुसत म्हणाला, "ठीक आहे. राहू दे. मी आताच सोनाराले फोन करतो. रात्रंदिवस बसून चार टाक करून देईन तो."

"चार काहून?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. मला आता त्याचा खरोखर राग आला होता. "पाच होते न घरात? पाचवी कुठी गेली? तुही बायको होती ती, भाऊ. तू तिले असं मोजणीतून काढून टाकलं?"

भाऊचं हसू थांबलं. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे. वहिनी पाण्यातून वर आल्या होत्या आणि पदर पिळत उभ्या होत्या. त्याला सगळं लगेच समजलं असावं, कारण त्याने वहिनींना काहीच विचारलं नाही.

बराच वेळ तो चिवड्याच्या डब्याचं झाकण लावत बसला. ते लागत नव्हतं.

"पाचच सांगाले गेलो होतो," तो म्हणाला. "सोनारानं कागद घेतला. खंडोबा झाला, देवी झाली, सारे झाले. मंग म्हणे, या बाईचा चेहरा कसा काढू? गोल काढू का लांबट? नाक कसं होतं? केस कसे होते?" त्याने झाकण खाली ठेवलं. "मले सांगता नाही आलं. उभाच राहिलो तिथी. घरात तिचा एक फोटो नाही. लय आठवून पाहिलं. नाही आलं. मंग लाज वाटली अन् म्हटलं, जाऊ द्या, चारच करा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. बोलल्या त्या वहिनी.

"नवी नोका करू तिले," त्या म्हणाल्या. "जुनीच राहू द्या. तिले नाक नाही, डोळे नाहीत, सारं मीच घासून घासून नेलं. पण तीच आहे ती. मले समजते."

भाऊने मान हलवली. "जुनेच मांडू. सारे."

आत्याचं काय करायचं हा प्रश्न उरला होता. ते मी माझ्याकडे घेतलं. म्हटलं, मी आत्याला सांगीन की आमच्या अभ्यासात आहे, नदी कधी कधी स्वतःहून नवं मागून घेते आणि जुनं घरी पाठवते, आणि ज्या घरी पाठवते ते घर भाग्याचं. आत्याचा माझ्या डिग्रीवर एरवी काडीचा विश्वास नाही, पण अशा बाबतीत ती लगेच ऐकते. आणि तसंच झालं. संध्याकाळपर्यंत तिने ते भाग्य शेजारच्या चार घरी सांगून टाकलं होतं.

परत निघालो तेव्हा ऊन तापलं होतं. भाऊ गाडी चालवत होता, वहिनी त्याच्या शेजारी ओल्या लुगड्यात, आणि मी मागे चाळणी मांडीवर घेऊन. गाडीचा एसी बंद होता आणि खिडकीतून फुफाटा आत येत होता. पुष्कळ अंतर गेल्यावर भाऊ समोर रस्त्याकडे पाहतच म्हणाला,

"ती शिटी वाजवे."

"कोण?" मी विचारलं.

"मोठी," भाऊ म्हणाला. तो शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "चुलीपाशी बसून वाजवे. माय लय चिडे, म्हणे बाईमाणसानं शिटी वाजवू नाही. तं माय देवळात गेली का वाजवे. मी वावरातून येऊन राहिलो का गल्लीच्या तोंडाशी मले ऐकू ये."

वहिनी त्याच्याकडे वळून बसल्या. इतकी वर्षं रोज जिच्याशी बोलल्या, तिच्याबद्दल त्या पहिल्यांदा काहीतरी ऐकत होत्या.

"मंग?" त्यांनी विचारलं.

भाऊने गाडी हळू केली. मागून येणारा एक ट्रक हॉर्न वाजवत पुढे निघून गेला. अकोला येईपर्यंत तो आठवून आठवून सांगत होता, आणि तो थांबला की वहिनी विचारत होत्या, "मंग?"